तात्यांच्या पटाशीचं पाणी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. सांगू दे. मी आहेच बडबडी — मिरजोळ्यात दारं-चौकटींचा कारखाना चालवते, सात पुरुषांवर दिवसभर ओरडते, गप्प बसून भागतच नाही. पण एक तीळ मी अकरा वर्षं तोंडात धरून बसलेय. नवऱ्याला ठाऊक नाही. आईला सांगायचं ठरवलं होतं, ती गेली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यासमोर जमेल असं वाटतंय.

कुठून सुरुवात करू? दारापासूनच करते, दुसरं मला येतंय काय? बिजागरी बसवायला दाराच्या कडेला खाच पाडावी लागते. ती आता राउटर मशीन पाडतं, दोन मिनिटांत, एकसारखी. पण मशीनचं पातं गोल फिरतं, त्यामुळे खाचेचे कोपरे गोल राहतात — आणि बिजागरी असते चौकोनी. ते कोपरे हातानेच काढावे लागतात. कशाने काढायचे? नवशिके फोन करून मला हेच विचारतात. कानस कोपऱ्यात शिरत नाही. ठोकायचा तयार कोन मिळतो बाजारात, एका ठोक्यात काम होतं म्हणतात — सागवानात कोपराच फाटतो मेला. घ्यायची ती अर्ध्या इंचाची पटाशी. पाठ एकदम सपाट, धार अशी की हातावरचा केस उडाला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे ती धार टिकली पाहिजे. हे मी फडाफडा सांगते. सांगून झालं की घाईने फोन ठेवून देते.

कारण हे मला तात्यांनी शिकवलं. तात्या आमचे सुतार, बाबांनी कारखाना काढला तेव्हापासूनचे. बाबा गेले तेव्हा ‘बाईमाणूस काय कारखाना चालवणार’ म्हणणारे पुष्कळ होते. ‘मी हाय ना, बायो’ म्हणणारे एकटे तात्या. त्यांच्याकडे एक अर्ध्या इंचाची पटाशी होती, राजापूरच्या लोहाराने मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवून दिलेली. तिला कोणी हात लावायचा नाही. डब्यातला तळलेला बांगडा काढून देतील, पटाशी नाय!

त्या वर्षी गणपतीपुळ्याच्या बाजूला एका हॉटेलच्या दारांचं काम आमच्याकडे होतं. मला घाई होती. गोल कोपऱ्याच्या बिजागऱ्या मिळतात, त्या मशीनच्या खाचेत थेट बसतात, हाताचं काम नको न् काही नको. तात्या ऐकेनात. गोल कोपरा म्हणजे आळशाचं काम, माझ्या हातून दार जाईल ते चौकोनी खाचेचंच — हे एकच तुणतुणं. रोज आमची जुंपायची. मला ते नकोसे झाले होते का? हो, त्या दिवसांत झाले होते.

एके दुपारी तात्या जेवायला बाहेर बसले होते. पॉलिशच्या डब्याचं झाकण निघेना, स्क्रूड्रायव्हर सापडेना. समोर त्यांची पटाशी. घातली झाकणाखाली, दिला जोर — टोकाचा टवका उडाला. धावत जाऊन ग्राइंडरवर धरली, घाईघाईत पाण्यात बुडवायचंही विसरले, आणि बघता बघता धार निळी पडली. निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. लोहाराने तापवून, विझवून जो कडकपणा दिलेला असतो, तो गेला. अशी पटाशी घासली की धार येते, पण दोन कोपरे काढले की बोथट होते. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी निळेपणा पॉलिश पेपरने घालवला, दगडावर धार लावली आणि होती तिथे ठेवून दिली.

इथवर ती नुसती चूक होती. चूक कोणाकडूनही होते, नाही का? पुढचं ऐका.

तात्या कोपरे काढायला बसले. पहिला छान निघाला. दुसरा बरा. तिसरा फाटला. त्यांनी धार लावली, पुन्हा बसले — पुन्हा तेच. त्याच महिन्यात त्यांच्या रक्तात साखर निघाली होती. ते पटाशीकडे बघेचनात हो, स्वतःच्या हातांकडे बघायला लागले! तीस वर्षांची पटाशी, तिच्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. चार दिवस हे चाललं. मी समोर बसून बघत होते.

पाचव्या दिवशी म्हणाले, “बायो, तुझी पटाशी दे बघू जरा.”

त्यांच्या बाकीच्या पटाश्या रुंद, खाचेत मावणाऱ्या नव्हेत. इतर माणसं मशीनवरची. तसली पटाशी दुसरी एकच होती, माझी — टेबलाच्या खणात, माझ्या गुडघ्याला टेकलेल्या खणात. मी म्हटलं, “धारेला दिलीय, तात्या.” आमच्याकडे पटाशी धारेला बाहेर देतं कोण? एवढं साधं खोटं, पण त्यांनी मान डोलावली. मग मी थांबले का? नाही. “साखरेने हात थरथरतात म्हणे,” मी म्हटलं, “वय झालं आता. बसा जरा घरी, आराम करा.” रागावतील म्हणून हे बोलले नाही. रागाची भीती पहिल्या दिवशीच सरली होती. मला हॉटेलची दारं दिसत होती.

आठवड्याने तात्यांनी काम सोडलं. आपणहून. मी शाल दिली, नारळ दिला, चार शब्द बोलले आणि रडलेसुद्धा. निघताना त्यांनी ती पटाशी माझ्या हातात ठेवली — माझ्या हातांना आता नको, तुझ्या हातांना शोभेल, म्हणाले. दर खंडेनवमीला ते पूजेला येतात, तिच्यावर हळदकुंकू वाहतात, झेंडू ठेवतात. मी शेजारी हात जोडून उभी असते. पळू कुठे?

आणि मी त्यांचं नुसतं काम घेतलं असतं तर! गणपती आणायला जायचे ना ते, मूर्तिकाराच्या शाळेतून घरापर्यंत मूर्ती डोक्यावर घेऊन — वाडीत तो मान त्यांचा. दुसऱ्याच वर्षी त्यांनी पुतण्याला पुढे केलं. देव हातातून सुटला तर काय घ्या, म्हणाले. चहाची कपबशी ते दोन्ही हातांनी धरतात आता. त्यांची बायको, आमच्या काकू, ताटात माशाचे काटे काढून देतात त्यांना. त्याच काकू मला दर मे महिन्यात आमसुलं पाठवतात, यांना वेळेवर थांबवलंस म्हणून. घरात त्यांची सोलकढी सगळे चवीने पितात. मला घशाखाली उतरत नाही. खाई त्याला खवखवे.

सांगायचं ठरवून मी तीनदा त्यांच्या घरी गेले. तीनदा चहा पिऊन परत आले. काय सांगू? तात्या, तुमचे हात चांगले आहेत, अकरा वर्षांपूर्वीही होते?

गेल्या महिन्यात ते असेच येऊन टपकले. एका गिऱ्हाइकाला जुन्या चौकोनी पितळी बिजागऱ्याच हव्या होत्या, म्हणून दार टेबलावर आडवं होतं, खाच पाडलेली, कोपरे गोल. शेजारी माझी नवी अर्ध्या इंचाची पटाशी, सकाळीच धार लावलेली. बोलता बोलता तात्यांनी ती उचलली. कधी उचलली त्यांनाही कळलं नसावं. अंगठा आपसूक पाठीवर गेला. धार बरोबर रेघेवर टेकली. मी हात बघत होते — जराही हलत नव्हता. एकदा दाबली असती की कोपरा लोण्यासारखा निघाला असता, आणि मी एक शब्द न बोलता सगळं कळलं असतं त्यांना.

“तात्या, राहू दे,” मी म्हटलं. “लागेल हाताला.”

त्यांनी लगेच ठेवली. “बरं झालं बोललीस गो,” म्हणाले, “फाटला असता उगाच.” आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. मग तो कोपरा मी काढला. ते कौतुकाने बघत होते.