पोत्यातले जुने पिस्टन

ती घटना आजही माझी पाठ सोडत नाही. एका निरपराध कारागिराला भर बाजारात चोर म्हणालो, ती चूक माझीच.

दिल्ली पोलिसातल्या नोकरीत दिवसभर हिंदीच कानावर पडे. एका सकाळी सरकारी कचेरीतले एक गृहस्थ ठाण्यात आले आणि अस्सल मराठीत म्हणाले, "साहेब, करोल बागेतला मिस्त्री माझी गाडी अडवून बसलाय. कामाला हातसुद्धा लावला नाही." मराठी ऐकूनच मी विरघळलो. लेखी तक्रारही न घेता हवालदाराला घेऊन निघालो.

मिस्त्री साठीचा पंजाबी. इंजिन खोलून नव्याने बांधून दिलंय, मजुरी मिळेपर्यंत गाडी सोडणार नाही, असं तो शांतपणे सांगत होता. त्याने एक पोतं पुढे केलं. "साहब, ये बोरी तो देख लो." मी ते पायाने सरकवलं. "चोर कहीं का," म्हणालो आणि किल्ली काढून घेऊन गाडी त्या गृहस्थांच्या हवाली केली. सगळी गल्ली बघत होती.

महिन्याभराने मिस्त्रीच्या शेजारचा, गाड्यांचे सुटे भाग विकणारा दुकानदार ठाण्यात आला. ती गाडी गुरुग्राममध्ये विकायला काढलीय, जाहिरातीत 'इंजिन नुकतंच बांधलेलं' असं लिहिलंय, म्हणाला. मिस्त्रीकडे मात्र आता गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

मी कायद्याचं पुस्तक काढलं. मजुरी मिळेपर्यंत तीच गाडी ताब्यात ठेवायचा हक्क मिस्त्रीला होता. मात्र ती वापरायची नाही, परस्पर विकायची नाही, दुसऱ्या कामाच्या बाकीसाठी अडवायची नाही, ही त्याच्यावरची बंधनं. यातलं काहीच त्याने मोडलं नव्हतं. गाडी हातातून गेली की त्याचा हक्क संपतो, आणि ती मीच काढून नेली होती.

मिस्त्रीला त्या पोत्यासकट ठाण्यात बोलावून त्याचा जबाब लिहून घेतला. मग पोतं उघडलं. इंजिनातून काढलेले झिजलेले पिस्टन, रिंगा, आणि प्रत्येकाला त्या गाडीच्या नंबराची चिठ्ठी बांधलेली.

गृहस्थांना बोलावून ते सगळं टेबलावर मांडलं.

"अहो, आपण दोघं एकाच मुलखातली माणसं. इतकं कशाला ताणता?"

"इंजिन कुणी बांधलं?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर ते खाली बघून म्हणाले, "त्यानेच." त्याच दुपारी मजुरी चुकती झाली. ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत मी माझी चूकही लिहिली.

आपल्या भाषेत बोलणारा माणूस खराच बोलतो असं नाही. हे शिकायला मला दुसऱ्याची अब्रू खर्चावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुकानं भरात असताना, वर्दीतच, ते पोतं उचलून मी त्याच गल्लीत गेलो. त्याच्या दारात ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मिस्त्रीजी, आप चोर नहीं थे. ग़लती मेरी थी. मुझे माफ़ कर दीजिए."