चांगुणाबाईचे चौदा महिने

धाड गावच्या चांगुणाबाईसारखं कपाशीचं क्रॉसिंग आसपासच्या गावांत कुणाला जमत नसे. बीटी कपाशीच्या बीजप्लॉटमध्ये दुपारी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर नखानं काढायचे, खुणेला दोरा बांधायचा आणि दुसऱ्या सकाळी त्या फुलावर नराचे पराग टेकवायचे. नख जरा खोल गेलं तर बोंड गळतं. चांगुणाबाईची बोंडं गळत नसत.

२०१६च्या भादव्यात तिची पाठ दुखू लागली. वाकून वाकून दुखत असेल, असं तिला वाटलं. मग जेवण सुटलं, उताणं झोपणं सुटलं. गुडघे पोटाशी घेऊन ती बसल्या बसल्याच डुलक्या काढी. नवरा उत्तमराव तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. गाठीनं मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घातला होता. ऑपरेशन होणार नव्हतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुसरा एक उपाय सांगितला. ध्वनिलहरी बाहेरूनच एका जागी एकवटायच्या आणि गाठीचा काही भाग जाळायचा. चिरफाड नाही.

"पण मावशी, हे अजून प्रयोगातच आहे," त्या म्हणाल्या. "आयुष्य वाढेल असं मी सांगणार नाही. दुखणं कमी होईल, एवढी आशा आहे."

उत्तमराव घाबरला. "आमच्यावरच काऊन प्रयोग करता?"

चांगुणाबाईनं त्याला थांबवलं. "अवो, नवं वाण आधी कोनाच्या तरी वावरात लावूनच पाह्यतेत ना? मले फक्त नीट आडवं निजाचं हाय."

दिवाळीनंतर तिला भूल देऊन मशीनवर घेतलं. आठवडाभर पोटाची कातडी हुळहुळत होती. पंधराव्या दिवशी सकाळी उत्तमराव उठला, तर बायको उताणी पडून खुशाल घोरत होती. त्यानं चहा केला, पण तिला उठवलं नाही. एकटाच प्याला.

गाठ गेली नव्हती. केमोच्या फेऱ्याही घ्याव्या लागत होत्या. पण ज्वारीची भाकर पुन्हा गोड लागू लागली. श्रावणात ती जीपमध्ये बसून प्लॉटवर गेली. वाकणं जमेना, म्हणून बांधावर खाट टाकली आणि गावातल्या पोरींना शिकवायला बसली. शेजारची हीना घाई करी.

"नख वरच्यावर फिरव, पोरी," चांगुणाबाई म्हणे. "आत इवलंसं बोंड हाय."

त्या हंगामात हीनाची बोंडं टिकली.

मशीनवर घेतल्यापासून चौदाव्या महिन्यात, पौषात चांगुणाबाई गेली. दुखणं परतलं ते शेवटचे तीन आठवडेच.

कुणी हळहळलं की उत्तमराव म्हणतो, "वर्षभर पोटभर जेवली, निजली, पोरींवर वरडली. खुशीत होती माह्यी बायको."