पंच पुंजाजीची लघवी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळातली गोष्ट. अमडापूरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, पंच एकच, पुंजाजी. शेवटच्या रेघेवर उभा राहून बैलांची नाकं बघायची अन् झेंडी टाकायची. तीस वर्षं! एकदा तर खुद्द तहसीलदाराची जोडी त्यानं बोटभरानं हरलेली ठरवली, आता बोला.

साठी उलटली अन् त्याला घडीघडी लघवीला जावं लागे. बसला की धार येईना, आली तर थेंबथेंब. पण पंचानं रेघ सोडायची? लोक हसतील! म्हणून पटाच्या दिवशी त्यानं पाणीच सोडलं, अन् आलेली लघवी दाबून धरली.

"काऊन हो, पाणी नाई पेत?" बायकोनं, तानुबाईनं, विचारलं.

"तहान नाई मले."

शेवटची जोडी सुटली अन् पुंजाजी खाली बसला तो उठेना. लघवी साफ बंद, ओटीपोट टम्म. धाकट्या भावानं, उकंडरावनं, दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, घालून चिखलीचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नळी घातली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

"आता मी पटातून गेलो न, साहेब?"

"छे हो! मूत्राशयाच्या तोंडाशी प्रत्येक पुरुषाला सुपारीएवढी ग्रंथी असते. म्हातारपणी ती वाढते नि वाट दाबते. मी बोटानं तपासली, कर्करोगाची वाटत नाही. दिवसा पाणी प्या, झोपताना कमी. लागली की जा, दाबू नका. पुन्हा अडली तर लगेच या, नागपुरात शस्त्रक्रियाही होते."

चार दिवसांनी नळी काढली.

पुढच्या पटाला उकंडराव म्हणाला, "दादा, औंदा दुसऱ्याले उभं करू. फजिती नको."

"कायची फजिती बे?" पुंजाजी तांब्याभर पाणी पिऊन रेघेवर उभा राहिला. दहाव्या जोडीनंतर झेंडी जमिनीत रोवून खणखणीत ओरडला, "पंचाले लघवीले जायचं हाय! म्हातारपणची गाठ हाय, चोरी नाई. मी येईलोक एकई बैल हालणार नाई!"

मग मांडवातून एक पागोटेवाला म्हातारा उठला. "थांब गा, मीबी येतो." त्याच्यामागं आणखी सहा उठले.

बांधापलीकडं पुंजाजी त्या सातांना दवाखान्याचा पत्ता समजावून सांगत होता, अन् इकडं भले भले पाटील जोड्यांच्या वेसणी धरून मुकाट उभे. पंच आल्याशिवाय हालायची कोणाची छाती होती?