गाडी मोडायची की मोड करायची

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली आमच्या घरात पाण्यावरून भांडणं झाली नाहीत. पाणी नव्हतंच, भांडायचं कशावरून? भांडणं झाली ती माझ्या गाडीवरून. गाडी लालभडक, बुटकी, मागं दोन सायलेन्सरची तोंडं, आणि माझी. माझ्या शिकवणीच्या कमाईतून घेतलेली, कागदावर माझं नाव असलेली. बाईमाणसाला एवढी पळणारी गाडी कशाला, असं गल्लीत ज्यांना ज्यांना वाटलं ते मला येऊन सांगून गेले, आणि मी एकेकाला दारातूनच वाटेला लावलं. मी फिजिक्स शिकवते. वेग म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता ही गाडी जमिनीला धरून चालायची, हे खरं. साध्या रस्त्यावर तोच तिचा थाट होता. पण दुष्काळानं रस्ते साधे ठेवले नाहीत. ज्याच्या बोअरला थोडंफार पाणी टिकलं होतं त्याच्याकडून भावानं, शेजाऱ्यानं, सोयऱ्यानं पाइप ओढला. रस्ता मध्ये आला की पाइप आडवा टाकायचा आणि वर मुरूम लोटायचा. झाला उंचवटा. आमच्या गल्लीत असे उंचवटे, गावाबाहेर पडलं की प्रत्येक वस्तीपाशी उंचवटे. आणि कुणाचे पाइप? आमच्या ह्यांचे. ह्यांचं दुकानच पाइपांचं. त्या साली बाजारातले सगळे धंदे बसले आणि ह्यांचा तेवढा उभा राहिला. दिवसभर हे पाइप विकायचे आणि त्याच पाइपांवर माझ्या गाडीचं पोट घासायचं. मी एकदा म्हटलंही, अहो, बायकोची गाडी वाचवायची म्हणून तरी जरा कमी विका. त्यांना हसू आलं नाही.

गाडी घेऊन मी जायचे कुठं, तर दर रविवारी माहेरी, नांदेडला. तिथं गोदावरीच्या कृपेनं नळाला अजून पाणी होतं. मागं रिकामे कॅन टाकायचे, शेजारी आव्वाला बसवायचं आणि निघायचं. आव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्या उदगीरच्या, कर्नाटकाच्या अंगाच्या, म्हणून घरात आईला आव्वा म्हणायची रीत. आम्ही लिंगायत. आव्वाचं असं, की आंघोळ आणि गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायच्या नाहीत. त्या साली तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायच्या. अंग पुसलं काय आणि न्हालं काय, सारखंच. एका सकाळी मी त्यांना ओल्या पंच्यानं डोकं पुसताना बघितलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, आव्वा, उद्या रविवार, माझ्याबरोबर चला, माझ्या आईकडं पोटभर न्हा.

आधी नको नको म्हणाल्या. सुनेच्या माहेरी न्हायला जायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना म्हणावं एक बादली आणून द्या, मग बोला. मग आल्या. माझ्या आईनं बंब तापवून ठेवला होता. आव्वा न्हाणीघरातून बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा केस मोकळे सोडलेले, चेहरा असा उजळलेला, की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या अशा दिसतात हे मला माहीत नव्हतं. आईला म्हणाल्या, "विहीणबाई, आज माझं अंग मला भेटलं बघा." मग दर रविवार ठरून गेला. शनिवारी संध्याकाळीच त्यांची पिशवी भरून दारामागं तयार असायची.

जाताना ठीक. येताना कॅन भरलेले. गाडीची मागची बाजू खाली दबायची आणि वाटेतल्या लोहा गावाच्या अलीकडं पलीकडं जो उंचवटा येईल तो खालून खर्र करून घासायचा. एका रविवारी घासला तो फारच जोरात. घरी आल्यावर गाडीखाली तेल ठिबकताना दिसलं. इंजिनाच्या तळाशी तेलाचा चेंबर असतो, तो फुटला होता. चेंबर बदलून आणला, पण आता घरात ह्यांच्या हातात मुद्दा आला.

"मोडून टाक ती गाडी," हे म्हणाले.

आमच्याकडं मोडणं म्हणजे तोडफोड नव्हे. सोनं सराफाला देऊन पैसे आणले की सोनं मोडलं म्हणतात. विकलं असं तोंडानं कुणी म्हणत नाही, कमीपणा वाटतो. तसंच जुनी गाडी देऊन टाकली की गाडी मोडली. ह्यांचं म्हणणं, ही मोडायची आणि बदल्यात मोठी उंच गाडी घ्यायची, सात माणसांची. त्याला आणखी एक शेपूट होतं. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार म्हणून दुकानांत, हाटेलांत नुसती चर्चा होती. ह्यांच्या डोक्यात उदगीरला दुसरं दुकान घालायचं होतं. "नवा जिल्हा झाला की गाड्यांना नवा नंबर येणार. मग लातूरच्या चोवीस नंबरच्या गाडीला कोण इचारतंय? आत्ताच मोडली तर किंमत हाय," असं ते मला गंभीरपणे समजावायचे. जिल्हा अजून कागदावरसुद्धा नाही आणि हे नंबरप्लेट लावून मोकळे. मी म्हटलं, आधी जिल्ह्याला येऊ द्या, मग त्याच्या नंबराचं बघू.

"आणि आव्वाचं काय?" हे म्हणाले. "एवढ्या खाली बसायचं, गुडघे दुखत असतील तिचे. तुला तुझ्या गाडीचं कौतुक, पण म्हाताऱ्या माणसाचं बघ की जरा."

आव्वा तर कधी काही बोलल्या नव्हत्या.

मग एका दुपारी शोरूमचा माणूस ती मोठी गाडी दाखवायला दारात घेऊन आला. पांढरीशुभ्र, घराच्या खिडकीएवढ्या उंचीवर तिची खिडकी. हे उत्साहात. आव्वाला बाहेर बोलावलं. आव्वा अंगानं लहान, माझ्या खांद्याला लागतात. त्यांनी एक पाय त्या गाडीच्या पायरीवर ठेवला आणि दुसरा काही उचलेना. एका काखेत ह्यांनी हात घातला, दुसऱ्या काखेत त्या शोरूमवाल्यानं, आणि दोघांनी मिळून त्यांना वर घेतलं. लुगडं पोटरीच्या वर गेलं, पदर खांद्यावरून घसरला. समोरच्या ओट्यावर बसलेल्या बायका बघत होत्या. गल्लीतून एक चक्कर झाली, मग तसंच धरून खाली उतरवलं. आव्वांनी पदर नीट केला, कुणाकडं न बघता आत गेल्या. हे माझ्याकडं वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलंस? कशी ऐसपैस बसली होती आव्वा."

मलाही त्यांनी चालवायला बसवलं. वरून रस्ता दिसत होता खरा, पण मला वाटलं मी गच्चीवर बसून घर चालवायले. परत येऊन मी किल्ली त्या माणसाच्या हातात दिली आणि म्हटलं, गाडी छान आहे, पण माझी मी मोडणार नाही. हे दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. मीही तेवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मग रोज चेंबर बदलत बसणार काय?"

त्यावर तोड मी काढून ठेवली होती. औसा रोडला एक मिस्त्री जुन्या गाड्या नटवून द्यायचा. मी गाडी घेऊन त्याच्याकडं गेले. त्यानं खाली वाकून बघितलं, हात पुसत म्हणाला, "मॅडम, मोड कर देंगे. स्प्रिंग के नीचे स्पेसर डालते, टायर एक साइज बडा. गाडी ऐसी उठ जाएगी, कुछ घासताच नहीं." शब्द मूळचा मॉडिफाय, लोक त्याचं मॉड करतात, पण आमच्या लातुरात मॉ म्हणायला कुणाचं तोंड वळत नाही. मिस्त्री मोड म्हणाला, म्हणून मीही मोड म्हणायला लागले. मला ते पटलंच. गाडी माझी राहणार, पोट वाचणार, ह्यांचं तोंड बंद होणार. आणखी काय पाहिजे? हे ऐकून घेऊन म्हणाले, "कर बाबा, तुझी गाडी, तुझं डोकं." हा त्यांचा होकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर उभी राहून मिस्त्रीला फोन लावला. तिकडं कटरचा आवाज होता, म्हणून मोठ्यानं बोलत होते. "हाव, ठरलं. मोड करून टाकायची. शुक्रवारी गाडी आणून देते." फोन ठेवला आणि वळले तर मागं आव्वा उभ्या. पूजा नुकतीच झालेली, कपाळावर भस्म ओलं. तशाच आत गेल्या. मी चहा टाकला. हे दुकानाला निघायच्या तयारीत, बूट घालत बसले होते.

आव्वा बाहेर आल्या त्या दोन्ही मनगटं मोकळी घेऊन. त्यांच्या हातात कायम पाटल्या असायच्या, सोन्याच्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. मामंजी गेले तेव्हा बांगड्या उतरवल्या, पण पाटल्या काही उतरवल्या नव्हत्या. त्या साबण लावून काढलेल्या दिसत होत्या, मनगटं लाल झाली होती. मुठीतल्या पाटल्या त्यांनी ह्यांच्यासमोर स्टुलावर ठेवल्या.

"मोडायचंच असंल तर ह्या मोडा. पोरीच्या गाडीला हात लावू नका."

हे बूट हातात धरून बघतच राहिले. मला आधी काही कळेना, मग एकदम कळलं आणि हसू आलं. म्हटलं, आव्वा, मोडायची नाही हो, मोड करायची. विकत नाही. गाडी आपलीच राहणार, फक्त उंच करून घ्यायची, खाली घासू नये म्हणून.

मला वाटलं, त्याही हसतील. त्या हसल्या नाहीत.

"उंच म्हंजे किती?"

मी दोन बोटं दाखवली. मग टायर मोठे, म्हणून आणखी एक. आव्वा त्या तीन बोटांकडं बघत राहिल्या. मग चपला न घालताच पायऱ्या उतरून दारातल्या गाडीपाशी गेल्या. आम्ही दोघं मागं. त्यांनी दार उघडलं, गाडीकडं पाठ केली आणि देवासमोरच्या पाटावर बसतात तशा अलगद सीटवर टेकल्या. मग एक पाय उचलून आत, दुसरा आत. परत दोन्ही पाय बाहेर काढले. टाचा जमिनीला टेकल्या होत्या, पण जेमतेम. दाराला धरून, टाचांवर जोर देऊन त्या उठल्या. कुणी हात दिला नव्हता. दर रविवारी त्या असंच करत होत्या आणि मी तोवर कॅन मोजत, मागचं दार लावत गाडीच्या पलीकडच्या बाजूला असायचे.

"टाचा टेकतेत तवर मी उठते," आव्वा म्हणाल्या. "तीन बोटं वर गेली की न्हाई टेकत. मग उचला मला त्या दिवशीवानी, दोघांनी, काखेत हात घालून. तो कोण, कुठला, त्याचा हात माझ्या काखेत."

हे म्हणाले, "आव्वा, मला वाटलं गुडघे दुखत असतील, म्हणून..."

"दुखतेत की. माझे गुडघे हायेत, दुखू दे. आन त्या दिवशी तू सगळ्या गल्लीला सांगितलास, आव्वा ऐसपैस बसली म्हणून." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या अप्पाला कसं नेलं इसरलास काय? आपल्यात मेल्यावर माणसाला आडवं करत न्हाईत. बसवतेत, सजवतेत, आन चौघं उचलून नेतेत. माझी बी पाळी येणारच हाय. तवर मला माझी मी बसू द्या."

हे पायरीवर खाली बसले. एका पायात बूट, एक हातात. मग उठून आत गेले, पाटल्या घेऊन आले आणि आव्वाच्या हातात घालायला लागले. साबण नव्हता, जाईनात. आव्वा म्हणाल्या, "सोड, मी घालते." तेव्हा त्यांनी सोडल्या.

माझे डोळे भरून आले होते आणि मला राग आला होता. ह्यांचा, त्या पांढऱ्या गाडीचा, माझ्या तीन बोटांचा. मी तिथंच उभी राहून मिस्त्रीला परत फोन लावला. म्हटलं, स्पेसर नको, टायर आहेत तेच राहू देत. गाडी एक सूतभरसुद्धा वर घ्यायची नाही. चेंबरखाली जाड लोखंडी पत्रा ठोकून द्या, तेवढं पुरे.

"लेकिन मॅडम," तो म्हणाला, "फिर तो नीचे घासेगीच ना."

"घासू दे," मी म्हटलं.