साखळी आत घेतलेली सायकल

अन्याय माझ्या बापावर झाला. चार वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, नागपूरकडच्या शहापूरच्या हायवेवर. वेळ पक्की माहीत आहे, कारण पुण्याच्या बसची वाट बघत मी मिनिटामिनिटाला मोबाइल काढत होते. नवतपा लागलेला, वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. डांबर चपलेला चिकटत होतं.

बाबा ढिवर. गावच्या तलावात मासे धरायचे आणि सायकलवर टोपलं बांधून गावोगाव विकायचे. त्या दिवशी मला कॅरिअरवर बसवून पाच कोस सायकल मारली, आणि तीच सायकल ते माझ्यासोबत पाठवणार होते. मला पुण्यात गोडाऊनमध्ये काम लागलं होतं, खोलीपासून लांब. "पायी जाशीन त कामाच्या आधीच थकशीन, बाई," ते म्हणाले. "माह्यं काय, मी कोनाच्याही गाडीवर बसून घरी जातो."

बस आली. क्लीनरनं सायकल पाहून हात हलवला. "मामाजी, हे नाही होत. बस आहे, ट्रक नोहे."

"थांब न भाऊ, लहान करून देतो."

बाबांनी पिशवीतून पाना काढला. पुढचं चाक काढलं, मागचं काढलं, हँडल वळवून फ्रेमला लावलं. एक चाक इकडून, एक तिकडून, मधे फ्रेम, आणि जाळ्याच्या दोरीनं करकचून आवळलं. ओलं जाळं गुंडाळणारे हात ते, पाच मिनिटं पुरली. मग वितीनं मोजलं. "सात वीत लांब, दीड वीत रुंद. डिक्की त अर्धी खाली आहे, भाऊ."

खरंच अर्धी रिकामी होती. मला दिसत होती.

"तेल लागते दुसऱ्याच्या सामानाले," क्लीनर म्हणाला आणि गाठोडं पायानं बाहेर सारलं. दोरी सुटली. पुढच्या चाकाचे छर्रे, बेअरिंगमधल्या बारीक गोळ्या, धुळीत सांडले.

आता मी काय केलं ते लिहिते. बसमध्ये चाळीसेक माणसं होती, सगळी खिडकीतून बघत होती आणि मला लाज वाटत होती. बापासाठी नाही, बापाची. मी म्हणाले, "बाबा, तेल लागते म्हंते न तो. राहू द्या आता."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "चढ तू. सीट जाईन."

बस निघाली. ते छर्रे शोधत राहिले, सगळे सापडले नाहीत. चाक बसेना. उघड्या फ्रेमसकट त्यांना कुणी गाडीवर घेईना. फ्रेम खांद्यावर, चाकं हातात, असे ते पाच कोस चालत गेले. घरी पोचले आणि ओसरीतच पडले. ऊन लागलं. आईनं आठ दिवस मला कळू दिलं नाही, फोनवर म्हणायची, "बाबा तलावावर गेले." तेव्हापासून त्यांचा डावा हात थरथरतो. जाळं फेकता येत नाही. ते तलावावर गेलेच नाहीत, त्या आठ दिवसांत नाही आणि नंतरही नाही.

पुण्यात वर्षभरानं मी गोडाऊन सोडलं आणि सायकलच्या शोरूममध्ये लागले. माझा काउंटर फोल्डिंग सायकलींचा. तीन प्रकार विकते. पहिली मधोमध बिजागरीवर दुमडते, पुस्तकासारखी. दुमडायला सोपी, चालवायलाही चांगली, चाकं मोठी. पण घडी अवजड: चार वीत लांब, दोन वीत जाड, आणि उचलताना मधूनच उघडते. दुसरी तिच्यासारखीच, चाकं लहान, घडी जरा बरी. पण साखळी बाहेरच्या बाजूला राहते, पँटला काळं लागणारच. तिसरी महागडी. मागचं चाक खालून पुढे सरकतं, पुढचं बाजूला येऊन टेकतं. घडी तीन वीत, जेमतेम, टेबलाखाली मावते. आणि साखळी दोन्ही चाकांच्या मधे. कुणालाच लागत नाही.

ट्रेनिंगमध्ये सरांनी हे समजावलं: "हीच या डिझाइनची खरी हुशारी. डर्टी पार्ट आत, क्लीन पार्ट बाहेर." सगळे वहीत उतरवून घेत होते. माझा पेन थांबला. बाबांनी रस्त्यावर पाना हातात घेऊन हेच केलं होतं. साखळी मधे, चाकं दोन्हीकडून. तेल कुणालाही लागणार नव्हतं. क्लीनर खोटं बोलला, आणि मी न बघता त्याला दुजोरा दिला.

बाबांना मी खोटं मोठेपण देत नाही. बाबांचं गाठोडं मोठंच होतं; फ्रेम काही दुमडत नाही. पण प्रश्न मापाचा नव्हताच. हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं. नागपूरच्या प्रदर्शनाला शोरूमनं मला पाठवलं, सोबत ती बिजागरीवाली, बॅगेत घातलेली. बाबांच्या गाठोड्यापेक्षा जाड. तशाच लांबच्या बसच्या क्लीनरनं ती दोन्ही हातांनी घेतली. "मॅडम, हिच्यावर काही ठेवू देत नाही, बेफिकीर राहा." बॅग चांगली होती. मॅडमही आता बऱ्यापैकी मॅडम दिसते.

प्रदर्शन संपल्यावर मालकांना विचारून तिथे मांडलेली तिसरी, महागडी सायकल एक दिवस घरी नेली. अंगणात उघडली, मिटली. बाबा खाटेवरून उतरून खाली बसले, थरथरत्या हातानं साखळी चाचपली.

"साखळी आत घेतली," ते म्हणाले. "ज्यानं बनवली त्यानं सामान वाह्यलं असन."

मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी तेल लागते म्हणाली होती."

"कवा? मले काही ध्यानात नाही बा."

ध्यानात होतं. त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, मला विचारता घर कुठे आहे आता. पुण्यात माझी खोली आहे, गावात खाट आहे. पण घर म्हणजे जिथे आपल्या माणसाच्या कामावर आपला आधी विश्वास बसतो, ती जागा. मी ती बसच्या पायरीवर सोडली. परत जाऊन ती मिळाली नाही, आणि मिळेल असं कुणी सांगू नये.

क्लीनरचं नाव मला माहीत नाही. बसमधल्या चाळीस जणांचीही नाहीत. त्यातला एकही वाईट नसेल. एकाला घाई होती, एकाला ऊन, एकाला झोप. म्हणून हे त्यांना नाही, तुम्हाला लिहिते. तुमची सीट पक्की आहे, खिडकी तुमची आहे. खाली कुणाला तरी "नाही होत" म्हणून हाकलत असतील, तर सीटवर बसून हळहळू नका. खाली उतरा, डिक्कीत स्वतः बघा, आणि सामान आत गेल्याशिवाय बस हलू देऊ नका.