वजन विचारणारे साडू

माझ्या मोठ्या साडूंच्या मते मानवजातीचा ऱ्हास ज्या दिवशी गाडीचं वजन हजार किलोच्या वर गेलं त्या दिवशी सुरू झाला. युद्धं, महागाई, पोरांचे चष्मे ही सगळी नंतरची लक्षणं. त्यांची तीस वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरात माल सोडवण्यात गेली, त्यामुळे जड वस्तूंबद्दल ते अधिकारवाणीनं बोलतात. आम्ही दोघं सानपाड्याच्या एकाच सोसायटीत राहतो. तिथं कोणी नवी उंच गाडी आणली की साडू गॅलरीतून म्हणतात, "आला आणखी एक कंटेनर."

त्यांची स्वतःची गाडी पंचवीस वर्षांपूर्वीची, लाल, बुटकी. एवढ्याशा गाडीत बनवणाऱ्यांनी गरजेपेक्षा मोठं इंजिन घातलं होतं, आणि साडूंनी त्या इंजिनावर सख्ख्या पुतण्यासारखं प्रेम केलं. एकदा पहाटे त्यांनी मला पाम बीच रस्त्यावर फिरवलं. "स्टिअरिंगमधून हाताला रस्ता कळला पाहिजे," ते म्हणाले. हाताचं माहीत नाही, माझ्या मणक्याला कळला. पण वळणावर ती गाडी अशी काही वळली, की मी पन्नाशीचा माणूस खुदकन हसलो. हे मी त्यांना अजून कबूल केलेलं नाही.

गेल्या वर्षी मी मोठी गाडी घेतली, तेव्हा बाकीच्यांनी पेढा खाऊन अभिनंदन केलं. यांनी पेढा हातात धरून, बाळ बघायला आल्यासारखं विचारलं, "वजन किती?" मी अभिमानानं सोळाशे किलो सांगितलं. "म्हणजे तुम्ही एकटे कोथिंबीर आणायला निघालात, तरी दोन म्हशी सोबत येणार," ते म्हणाले. मग आत बसले. पट्टा लावा, दार लावा, अशी टुणटुण गाडीनं सुरू केल्यावर शांतपणे उतरले. त्यांचं म्हणणं, जिचा चालवणाऱ्यावर विश्वास नाही तिच्यावर आपण का ठेवायचा?

हलकेपणाच्या ध्यासानं त्यांनी आधी एसी काढला, मग मागची सीट, शेवटी स्टेपनीही. त्या टायरात गॅलरीत मनीप्लँट लागला. आमच्या दोघांच्या सासूबाई उलव्याला मुलाकडे असतात. त्यांना आणताना गाडी पंक्चर झाली आणि भर उन्हात मला फोन आला. मी पोचलो तर सासूबाई छत्री उघडून कठड्यावर बसलेल्या, आणि साडू कौतुकानं मला सांगत होते, "पंक्चर होऊनसुद्धा किती हलकी उभी आहे बघा." सासूबाई छत्री मिटून माझ्या गाडीत चढल्या. सानपाडा आल्यावर एवढंच म्हणाल्या, "हिच्यात माणूस बसतं."

मग ताईंच्या, म्हणजे साडूंच्या बायकोच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी साडू लाल गाडी धुऊनपुसून घेऊन आले. ताईंनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा दाराला धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. शेवटी त्या माझ्या गाडीत बसल्या, सरळ, खुर्चीत बसावं तशा. साडू आपल्या गाडीतून एकटे आमच्या मागून आले. मी आरशात पाहत होतो. एवढ्या रस्त्यात त्यांनी एकदाही ओव्हरटेक केलं नाही.

आठवड्याभरानं ते माझ्याकडे आले आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या सीटची उंची किती हो?" मी कोपरखळी तयार ठेवली होती, पण त्यांच्या हातात शिवणकामाची टेप पाहिली आणि गिळून टाकली. ते जमिनीपासून सीटपर्यंत माप घेऊ लागले.

"गुडघे चार वर्षांपासून दुखत होते म्हणे," टेप गुंडाळताना ते म्हणाले. "मला खड्डे कळायचे. ती बसताना ओठ दाबायची, ते नाही कळलं."

लाल गाडी पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंनी नेली. साडूंनी तिला शेवटचं धुतलं, चावी दिली आणि वर निघून आले. खिडकीशी गेले नाहीत.

आता त्यांच्याकडे पांढरी, उंच, ऑटोमॅटिक गाडी आहे. तिला कंटेनर म्हणायची माझी अजून हिंमत झालेली नाही. परवा रविवारी मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून उलव्याला गेलो. ताई पुढे, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी घेऊन बसल्या होत्या. चढ लागला तसा साडूंचा डावा हात सवयीनं गिअरकडे गेला आणि काही करायचं नाही म्हणून तिथंच थांबला. ताईंनी रस्त्यावरची नजर न काढता तो हात उताणा करून तळव्यावर चार दाणे ठेवले. साडूंनी मूठ मिटली.