नवरदेवाची जर्मन मोटार

मिरजेला छोट्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी होती, कोकमांची पुडी होती आणि जर्मन मोटारीत बसायची हौस होती. लग्न हे निमित्त. पुण्यात शिकताना माझ्या खोलीत राहणारा मल्लिनाथ हा सोलापूरच्या भुसार व्यापाऱ्याचा मुलगा. त्यानं लग्नाचं बोलावणं धाडलं आणि खाली लिहिलं, "नवरीच्या गावी जर्मन मोटारीतून जायचं आहे. तुला जागा धरून ठेवली आहे." मग मी रत्नागिरीच्या शाळेत ड्रॉइंगच्या तासांची सोय लावली आणि निघालो.

छोटी गाडी फार मायाळू. कुणाला घाई असेल तर त्यानं चालत जावं अशी तिची चाल. एक गृहस्थ चढावर उतरले, रुळाकडेची बोरं वेचली आणि मागच्या डब्यात चढून आम्हाला वाटली. कुर्डुवाडीला गाडी बदलली, चहात भरपूर धूळ प्यायलो आणि मोठ्या गाडीनं सोलापूर गाठलं. पहिलं दर्शन घडलं ते गिरण्यांच्या धुराड्यांचं. माडांऐवजी धुराडी पाहून मला क्षणभर पोरकं वाटलं, पण टांगेवाल्यानं शुक्रवार पेठेपर्यंत इतक्या गप्पा मारल्या की वाईट वाटायला सवडच राहिली नाही.

मल्लिनाथच्या घरी दारातच सोनाक्का उभी होती. ही त्याची आत्या. त्याची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून घर हिच्या शब्दावर चालतं. कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, हातात लाटणं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोकनातलं पाव्हनं व्हय? लई वाळलंय की! बसा, आदी जेवा."

कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगदाण्याची चटणी पुढं आली. चटणीचा रंग सुंदर होता म्हणून मी ड्रॉइंग मास्तराला शोभेल असा मोठा घास घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या. सोनाक्कानं दह्याची वाटी सरकवली आणि पदर तोंडाला लावून हसली. त्या वाटीपासून मी तिचा झालो.

संध्याकाळी मल्लिनाथ मला सात रस्त्याच्या चौकात घेऊन गेला. तिथं, एका दुकानासमोर, ती उभी होती. काळीशार, लांब नाकाची, कापडी टपाची, पितळी दिवे लखलखीत घासलेली. मालक हसनभाई तिच्या चाकावर फडकं फिरवत होते. पन्नाशीचे, दाढी अर्धी पिकलेली, बोलणं मात्र सगळं हिरवं.

"या मास्तर. हात लावून बघा. लाजायचं न्हाय."

ही मोटार कुठल्या कारखान्याची, हे मी विचारायचाच अवकाश. हसनभाई पायरीवर बसले. मोठ्या लढाईत ते बसऱ्याकडे लष्कराची लॉरी हाकत होते. तिथं वाळूत पुरलेली शत्रूची एक लॉरी सापडली. ती याच कारखान्याची. "उकरली, वाळू झाडली, तेल घातलं, हँडल मारलं. फुर्र! आमची सायबाची लॉरी शेजारी मेल्यागत पडल्याली. तवाच ठरवलं, मोटार घ्यायची तर हीच."

मग त्यांनी त्या कारखान्याची कुळकथा सांगितली. मूळपुरुष शिवणयंत्रं करायचा. मुलांना सायकलींचं वेड, म्हणून सायकली केल्या. मग सायकलींना कंटाळून मोटारी. लढाईनंतर जर्मन मालाचं नाव काढलं तरी साहेबाच्या कपाळाला आठ्या पडायच्या, सोलापुरात त्या गाडीला कुणी उभं करून घेत नव्हतं. आता पुन्हा मागणी आली. भोवती जमलेल्यांनी आपापली भर घातली. एक जण म्हणाला, तिथं लोखंड वर्षभर पावसात ठेवतात आणि जे गंजत नाही तेवढंच घेतात. दुसरा म्हणाला, कारखान्याचा मालक स्वतः प्रत्येक मोटारीवर उड्या मारून बघतो. यातलं खरं किती देव जाणे, पण ऐकताना मला सगळंच खरं वाटत होतं.

परतताना मल्लिनाथनं खरी गोम सांगितली. त्याचे सासरे अक्कलकोटकडच्या गावचे पाटील. गावाला सोलापूरची रोजची मोटार हवी होती. हसनभाई एक उमेदवार आणि एका अमेरिकन मोटारीचा मालक दुसरा. पाटलांनी दोघांनाही लग्नाचं काम दिलं. नवरदेव जर्मनमध्ये, वऱ्हाड अमेरिकनमध्ये. जी मोटार नीट येईल तिला रोजची फेरी. हसनभाईंनी होतं नव्हतं ते या मोटारीत घातलं होतं आणि सोलापुरात आता मोटारींची इतकी गर्दी झाली होती की ही फेरी मिळाली नाही तर ती विकावी लागणार होती. मला एकदम त्या लखलखीत दिव्यांची काळजी वाटू लागली.

सकाळी गिरणीच्या भोंग्यानं जाग आली. बाहेर येऊन बघतो तो मोटार ओळखू येईना. सोनाक्का आणि पेठेतल्या बायकांनी तिची यथासांग पूजा मांडली होती. बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, दिव्यांना लिंबं, आणि नाकावरच्या जाळीला (तिच्यातून वारा आत जातो आणि इंजिनाचं पाणी थंड राहतं) केळीची अख्खी पानं, आंब्याचे डहाळे, त्यांवर झेंडूचे हार एकावर एक. हसनभाई ते बघत उभे होते. चेहऱ्यावर आनंद होता आणि आनंदाच्या खाली काहीतरी दुसरंच.

"आक्का, जाळी तेवढी उगडी ऱ्हायली असती तर…"

"हसनभाई, नवरदेवाला बाशिंग बांदलं, मोटारीला नगं? नवरीच्या दारात उतरवू."

"व्हय, आक्का," एवढंच हसनभाई म्हणाले.

मागं मल्लिनाथ आणि सोनाक्का, पुढं हसनभाईंच्या शेजारी मी, मांडीवर नारळांची टोपली. हॉर्न वाजला आणि शुक्रवार पेठेतली सगळी पोरं मागं धावली. खरं सांगतो, रत्नागिरीकरांनो, अशी गुळगुळीत चाल मी जन्मात अनुभवली नव्हती. दोन्ही बाजूंना ज्वारीची उभी शेतं, मधूनच करडईची पिवळी फुलं, वर निळं कोरडं आभाळ. मी चक्क गाणं म्हणायला लागलो. मल्लिनाथनं मुंडावळ्या बाजूला सारून साथ दिली आणि सोनाक्कानं दोघांनाही गप्प केलं.

निम्मी वाट सरली आणि इंजिनाच्या पाण्याच्या झाकणातून वाफ निघू लागली. हसनभाईंनी मोटार थांबवली, सोबतच्या घागरीतलं पाणी ओतलं. थोडं पुढं गेलो, पुन्हा वाफ. दुसरी घागर संपली. तिसऱ्यांदा एका धनगराच्या वाड्याजवळ (मेंढरांच्या कुंपणाजवळ) मोटार उभी राहिली ती सुस्कारे सोडतच. आपल्याला सगळं कळलं अशा थाटात मी म्हणालो, "ती पानं काढली तर वारा लागेल."

सोनाक्कानं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्यात नवरदेवाचं बाशिंग वाटंत सोडत्यात?"

"नाही."

"मग?"

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," हसनभाई हळूच म्हणाले. "पूजेचं हाय. मी हात लावनार न्हाय, अन् तुमीबी लावू नका."

एवढ्यात मागून अमेरिकन मोटार आली. वऱ्हाड दाटीवाटीनं भरलेलं. तिचा मालक वेग कमी करून ओरडला, "काय हसनभाई! जर्मन लढाई हरलं तवाच कळाय पायजे हुतं की! नवरदेवाला द्या हिकडं, जागा करतो."

वऱ्हाड खदखदून हसलं. मल्लिनाथ चुळबुळ करू लागला, मुहूर्त त्याचा होता. पण सोनाक्कानं त्याचा शेला धरला.

"पूजा केल्याल्या गाडीतनं नवरदेव वाटंत उतरत न्हाय. तुमी व्हा फुडं."

अमेरिकन धूळ उडवत गेली. हसनभाई पायरीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून. काल बसऱ्याची गोष्ट सांगणारा माणूस तो हाच का, असं वाटलं. मला फार वाईट वाटलं आणि त्या झेंडूच्या फुलांचा मनापासून राग आला.

धनगराची बायको बाळाबाई वाड्यातून बाहेर आली. तिनं आगटीवर (शेणीच्या निखाऱ्यावर) ज्वारीची कोवळी कणसं भाजली होती. मल्लिनाथला गाडीतच ओंजळभर हुरडा मिळाला, मला शेतात बसून. सोनाक्का मात्र उतरली. "मी नवरदेव न्हवं," म्हणाली आणि पाणी प्यायला बाळाबाईबरोबर वाड्यात गेली. परत आली ती हुरडा चघळत, अगदी निवांत.

मी दुसरी मूठ तोंडात टाकली आणि समोर बघतो तर एक दांडगा काळा बोकड, शिंगांना शेंदूर, गळ्यात घुंगरू, मोटारीपुढं मागच्या पायांवर उभा! पुढचे पाय दिव्याच्या दांडीवर. आधी झेंडू गेला. मग आंबा. मग केळीचं पान त्यानं असं ओढलं की टर्रकन फाटत आलं. मी हाकलायला उठलो.

"थांबा!" सोनाक्का गरजली. "शेंदूर दिसंना का? देवाला सोडल्याला बोकड हाय त्यो. व्हय ना गं बाई?"

"बिरोबाचा हाय," बाळाबाई म्हणाली. "त्याला कुनी आडवत न्हाय."

सोनाक्कानं हात जोडले. "मग देवानंच निवद घेतला."

आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो आणि बोकडानं जाळी स्वच्छ केली. हसनभाईंनी बाळाबाईकडून घागरभर पाणी घेतलं, ओतलं, आभाळाकडे एकदा बघितलं आणि हँडल मारलं. फुर्र! मोटार निघाली ती अशी निघाली की टोपलीतला एक नारळ रस्त्यावर पडला आणि तो आणायला कुणी थांबलं नाही.

वेशीजवळ पोचलो तर पाटील बैलगाडी जुंपून आमच्या शोधात निघायच्या बेतात होते. अमेरिकन मोटारीनं आमची बातमी मीठ लावून पोचवली होती. आमचा हॉर्न ऐकताच गाव धावलं. "बर्री, बर्री!" (कानडीत या, या) म्हणत पाटील पुढं आले, पण नजर मोटारीवर.

"बंद पडली हुती म्हनं?"

"कोन म्हनतंय?" सोनाक्का खाली उतरत म्हणाली. "देवाच्या बोकडाला निवद दावाय थांबलो. ह्यो बघा, दोराच राहिलाय. समदी फुलं देवानं खाल्ली."

पाटलांनी तो उष्टा दोरा बघितला, दात उमटलेला केळीचा देठ बघितला आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. अमेरिकनवाला तळमळला. "आक्का, उकळत हुती की! मी डोळ्यांनी बघितलं."

"तू थांबला न्हाईस, म्हून तुला देव दिसला न्हाय."

मुहूर्तावर अक्षता पडल्या. हुग्गी (गव्हाची खीर) मी इतकी खाल्ली की पाटलांना माझं कोकणी वाळकेपण खोटं वाटलं. पंगतीतच त्यांनी जाहीर केलं की रोजची फेरी जर्मनची. हसनभाईंनी ताटावरून उठून पाटलांना सलाम केला आणि डोळे पुसले. मग संध्याकाळभर ते बोकडाची गोष्ट सांगत होते, आणि प्रत्येक वेळी तो बोकड वीतभर वाढत होता.

दुसऱ्या दिवशी मला गाडी गाठायची होती. सोनाक्का नवरीला घेऊन मागून येणार होती. तिच्या पाया पडलो तर म्हणाली, "आता जरा मानसात आलाय. फुडल्या खेपंला अजून जाडे व्हा." मी आणि हसनभाई दोघंच निघालो. त्यांनी मंडपातला सर्वांत मोठा हार मागून घेतला होता.

"बोकडाला घालायचा, मास्तर. देवाचे उपकार हायत."

वाड्याशी मोटार थांबली. बोकड खुंटाला बांधलेला, चांगल्या जाड दोरानं. हसनभाईंनी हार घातला, बोकडानं तो तत्काळ खायला घेतला. मला मात्र त्या दोराचं नवल वाटलं.

"बाई, काल हा सुटला कसा?"

बाळाबाई हसायला लागली. "सुटतोय कसला! सोडला की. तुमची ती आक्का पानी प्याला आली न्हवं का? माज्या कानात म्हनली, 'मला काय त्या फुलास्नी हात लावता येत न्हाय गं बाई, अन् त्यो मानूस लावनार न्हाय. तुजं ते देवाचं बोकड जरा सोड.'"

हसनभाई तिच्याकडे बघत राहिले. "आक्कानं?" असं दोनदा म्हणाले. मग टोपी काढली, पायरीवर बसले आणि इतके हसले, इतके हसले की अखेरीस मला कळेना ते हसताहेत की रडताहेत. मीही त्यांच्याशेजारी बसलो आणि माझंही तेच झालं.

स्टेशनवर वळकटी माझ्या हाती देताना ते म्हणाले, "मास्तर, हितं कुनाला बोलू नका. उद्या आक्काला आनाय जायचंय. पुढं बसवनार हाय तिला, माज्या शेजारी."

मी शब्द पाळला. सोलापुरात कुणाला बोललो नाही, कुर्डुवाडीत बोललो नाही, छोट्या गाडीत बोरं वाटणाऱ्यांनाही बोललो नाही. रत्नागिरी पुष्कळ लांब आहे म्हणून तुम्हाला सांगितलं. आता कुणी मला विचारतं, त्या जर्मन कारखान्याचं एवढं नाव कशानं झालं, तेव्हा मी पोलादाचं सांगतो, बसऱ्याच्या वाळूचं सांगतो, शिवणयंत्रं करणाऱ्या मूळपुरुषाचंही सांगतो. सोनाक्काचं नाव मात्र मनातल्या मनात घेतो. आमच्या वाटेवर त्या कारखान्याची अब्रू हुरडा चघळत तिनं राखली, हे तिकडं जर्मनीत कुणाला कधी कळायचं नाही.